नाव न घेणारी बँक

आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाय आणि बायको नवऱ्याचं. मेंढरं होती तेव्हा एकेका मेंढीला नाव होतं, रानात हाक मारली की मान वर करायची. दुष्काळात ती लासूर स्टेशनच्या बाजारात विकली, तेव्हा एकेकीचं नाव घेऊन मी रडलो. बायको शेजारीच उभी होती. तिला म्हणालो, "अगं ए, पाणी दे." असा सगळा कारभार.

मग शहरात आलो. उस्मानपुऱ्यात दोन खोल्या घेतल्या. मी वाळूजला कंपनीत हमालीला लागलो, ती तिथल्याच कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायला. जिथं आमची मेंढरं चरली होती तिथं कंपन्यांचे पत्रे चढत होते. पुढं बँकेचा एक टायवाला पोरगा कॅन्टीनमध्ये आला आणि बायांना क्रेडिट कार्ड देऊन गेला. मला दिलं नाय, तिला दिलं. तिचं नाव उठावाच्या अक्षरात. त्यावर तिनं काय घेतलं असंल तर एक कूलर. मग उन्हाळाभर मला म्हणायची, "सरका, माझं वारं अडवू नका."

ती गेली. घर खायला उठतं, खोटं कशाला बोलू. कार्ड मी बंद केलं नाय आणि वापरलंही नाय. वर्षाची फी माझा पोरगा कुरकुरत भरायचा. त्याला वाटायचं म्हाताऱ्याला कळत नाय. पण बँक तिला मेल पाठवायची आणि तो माझ्या फोनवर यायचा. सून तो मराठी करून द्यायची, आणि मी चौथीपर्यंत शिकलेलो, तेवढं वाचता येतं. वर 'प्रिय' आणि पुढं तिचं नाव, आडनावासकट. आधारवाल्यानं ठरवून दिलेल्या वाढदिवसाला शुभेच्छासुद्धा. पोरगा तिला आई म्हणायचा, सून आत्याबाई म्हणायची, मी तर काहीच नाय. तिचं नाव घेणारी ती एक बँकच उरली होती.

एका सकाळी मेल आला, तो मराठीतच. 'आदरणीय ग्राहक, आपले कार्ड आज दुपारी बारानंतर कायमचे बंद होईल. चालू ठेवण्यासाठी खालील निळ्या ओळीवर जाऊन कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे भरा.'

कार्ड बंद तर मेल बंद, आणि मेल बंद तर तिचं नाव ह्या घरात परत यायचं नाय. ह्या मेलात नाव नाय, हे मला दिसलं होतं. पण वाटलं, माणूस चांगल्या घरचा दिसतोय, दुसऱ्याच्या बायकोचं नाव कशाला घेईल? मला तो आवडलाच. निळ्या ओळीवर बोट ठेवलं तर इंग्रजी चौकटी उघडल्या. मी सुनेला हाक मारली.

"पोरी, एवढं भरून दे."

"मामा, आज आठवड्यानं नळ आलाय. बँक उद्या पण असंल, पाणी नसंल."

"बारापर्यंतच मुदत आहे."

"नळाची अकरापर्यंत आहे. ती बादली उचला."

उचलली. टाकी भरली, हंडे भरले, पातेली भरली, सून सोडून जे जे पोकळ होतं ते सगळं भरलं. मग तिनं पदराला हात पुसून फोन घेतला, वाचला आणि म्हणाली, "मामा, हा चोर आहे."

"चोर एवढ्या अदबीनं बोलतो व्हय?"

"बँक दर वेळी कुणाच्या नावानं लिहिती? मग ह्यानं का नाय लिहिलं?"

"रीत पाळली असंल."

ती उंबऱ्यावर बसून हसायला लागली. "रीत नाय मामा, त्याला नावच माहीत नाय. तो गावभर हाच मेल फेकतोय. ज्याच्याकडं कार्ड असंल तो घाबरंल." वर बँकेचं नाव होतं, त्यावर तिनं बोट दाबलं तर खाली पाठवणाऱ्याचा पत्ता निघाला, नुसता अक्षरांचा आणि आकड्यांचा काला. "आणि नंबर बँकेनंच दिलाय, मग ती आपल्याला कशाला विचारंल? वर बाराची घाई. घाई कुणाला असती, मामा?"

"पाणी भरणाऱ्याला आणि चोराला," मी म्हणालो.

मेलात एक फोन नंबर होता, तो तिनं लावू दिला नाय. कार्डाच्या पाठीवरचा लावला आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडं एक बाई होती.

"कार्ड कुणाच्या नावावर आहे?"

"आमच्या घरच्यांच्या."

"नाव सांगा ना, बाबा."

"तुमच्याकडं लिहिलेलं असंल की."

"आहे, पण तुम्ही सांगायला पाहिजे."

सून तोंडावर हात धरून म्हणाली, "उखाणा घ्या मामा, म्हणजे निघंल." मी भिंतीकडं तोंड केलं आणि नाव घेतलं. बाई म्हणाली, ऐकू नाही आलं. मग असं घेतलं की समोरच्या गॅलरीतली बाई कपडे वाळत घालायची थांबली.

"आता त्यांनाच फोन द्या," बाई म्हणाली.

सून माझ्याकडं बघत राहिली. ती आत्याबाईच्या आवाजात बोलली असती, एवढी नकला करणारी आहे. कार्ड राहिलं असतं.

"ती वारली," मी म्हणालो, आणि मेलाचं सगळं सांगितलं.

बाई म्हणाली, चौकटीत काही भरलं नाही हे बरं केलं, तो मेल पुसून टाका. पण कार्ड आता बंद करावं लागेल, मृत्यूचा दाखला घेऊन शाखेत या.

"करा बंद," मी म्हणालो. वाटलं होतं तसं काही तुटलं नाय. नाव अजून तोंडात होतं, गूळ खाल्ल्यावर चव राहती तसं.

आता तिचे मेल येत नायत. घरात नाव मीच घेतो, सकाळी उठलो की पहिल्यांदा. इथं लिहीत नाय, ते घरातलं आहे. मी हाक मारली की सून आतून ओरडती, "आत्याबाई बाहेर गेल्यात. चहा मी आणू का?"

"आण. पण तिच्यासारखा कर."

"म्हणजे पाणचट?"

"व्हय. तसाच."