गळ न लावता

तापीत कोणी बुडालं की मला बोलावणं यायचं. शाळा चौथीपुरती, पण दम मोठा. तेव्हा माणूस काढायचा म्हणजे लांब दोरी आणि टोकाला लोखंडी गळ. होडीतून तो तळावर ओढत फिरायचं. लुगड्यात अडकला तर बरं, अंगात घुसला तर घुसला. घरच्या माणसानं काठावरून बुडालेल्याला नावानं हाक मारत राहायची, ही आम्हा नावाड्यांची रीत. नाव ऐकून माणूस वर येतं म्हणायचे.

गळ अडकला की मी बुडी मारायचो. पाण्याखाली डोळे उघडले की नुसता हिरवा धूर. त्यात काहीतरी हळू हलायचं. शेवाळ की केस, हात लावल्याशिवाय कळायचं नाही. झोपेत अजून तोच धूर दिसतो.

बायकोला त्या गळाचा राग. "तो घरमा आनू नका," म्हणायची. मी गोठ्यात टांगायचो. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "मी बुडनू ते माले हातघाई काढा. गळ लावू नका." हातघाई म्हणजे हातानं.

"तू कशाची बुडतेस? म्हशीसारखी तरंगशील."

पिठाचा हात पाठीत बसला.

यंदा गोधड्या धुताना तिचाच पाय घसरला. धुळ्याहून पाणबुड्यांची तुकडी आली. पाठीवर हवेच्या टाक्या, होडीत टीव्हीसारखा एक पडदा. त्यात नदीचा तळ राखेसारखा दिसत होता. मी त्यांच्या साहेबाचा दंड धरला. "गळ कुठंय?"

"आता गळ नसतो, आबा. आधी जागा दिसते, मग माणूस उतरतो. पाण्यातच पिशवीत घेतो, चेन लावून वर आणतो. गर्दीला काही दिसत नाही."

मी त्याचा दंड सोडला.

मागून जुना जोडीदार नावाडी म्हणाला, "आबा, हाक मार ना!"

जीभ उचलेना. जन्मभर 'अगं' म्हणून भागवलं. नाव घेतलं ते लग्नात घास भरवताना, एकदाच. पडद्यात जागा सापडली होती, हाकेची गरज नव्हती. तरी मारली. मग थांबवेना. पलीकडच्या काठावरून आवाज परत यायचा, कोणा तरण्या माणसानं मारल्यासारखा.

दोघांच्या हातांवर ती वर आली. मी चेन तोंडापुरती उघडायला लावली. केसात शेवाळ. अंगावर कुठं ओरखडा नाही, असं साहेब म्हणाला.

"हातघाईच काढं तुले," मी तिला म्हटलं, आणि पुन्हा नाव घेतलं.