मैदानाला वळसा

आमच्या चाळीतून चिंचपोकळी स्टेशनला जाताना सगळे मधलं मैदान तिरकं कापायचे. खालच्या गाळ्यातले टेलरकाका तेवढे कडेकडेने पूर्ण वळसा घालायचे. मी मैदानात पाय टाकला की मागून हाक यायची, "तळ्यातसून खंय चललस रे? पाय भिजतले!"

काका सावंतवाडीचे. तिथे गावाच्या मधोमध तळं आणि काठावर राजवाडा. लहानपणी काका लाकडी फळांना रंग द्यायचे, तळ्याच्या काठाने शाळेत जायचे. हे सगळं ते तोंडात टाचण्या धरून सांगायचे, त्यामुळे ते गाव मला नेहमी दबक्या आवाजातलंच वाटायचं. आता काठावर खाण्याच्या गाड्या लागतात, लोक फोटो काढत उभे असतात, असं भावाने कळवल्यापासून ते तिकडे गेले नव्हते. "आपला हयलाच बरा," मैदानाकडे हात करून म्हणायचे.

गेल्या वर्षी मैदानाला पत्रे लागले. टॉवर होणार होता. सगळी चाळ कुरकुरत वळसा घालू लागली. काकांची चाल मात्र तीच राहिली.

एका संध्याकाळी ते पत्र्याच्या भोकाला डोळा लावून उभे होते. मला पाहून बाजूला झाले आणि हळूच म्हणाले, "पाणी इला."

मी वाकून पाहिलं. पायासाठी खणलेला खड्डा पाण्याने भरला होता, त्यात समोरच्या इमारतीचे दिवे हलत होते. कडेला मोटर लावून माणसं पाणी उपसत होती.

काकांनी मोटरचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.