वरचा उतार माझा नाही, असं मी सांगितलं

पाड्यावर माणसं विचारायला येतात, तुमची गरिबी का हटत नाही. दारू आणि जास्त पोरं, हे त्यांच्या डोक्यात आधीच असतं. मी दारू पीत नाही, मुलगा एकच आहे. तरी माझी अर्धी जमीन मी माझ्याच तोंडाने घालवली.

आमचं खाली भाताचं शेत आहे आणि वर उतारावर नागली आणि तूर. दोन्ही जंगलाच्या जागेत, सासऱ्यांच्या आधीपासून आम्हीच कसतो. खालचा भात होळीपर्यंत पुरतो, पुढे पावसापर्यंत वरची नागली. ती नसली की मुलगा आणि सून झाईच्या पलीकडे गुजरातेत वीटभट्टीवर जाणार, घराला कुलूप.

माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी जंगलखात्याच्या एका गार्डाने विचारलं होतं, "वर नांगर कोणी घातला?" नवरा सरळ माणूस. म्हणाला, "मी." नांगर गेला, दोन कोंबडे गेले, नवरा तीन दिवस कोठडीत. तेव्हापासून पाड्यावर सगळे एक शिकलो. कागदवाल्याला कमी सांगायचं. जमीन कमी, कोंबड्या कमी, घरातली माणसंसुद्धा कमी.

गेल्या हिवाळ्यात कसणाऱ्याच्या नावाने जमिनीचे पट्टे देण्यासाठी मोजणीचा माणूस आला. हातात मोबाईल. "आजी, शेताच्या कडेने चाला. चालाल तेवढं नकाशात येईल."

मी त्याचे बूट पाहिले. तांबडे, गार्डाचे असायचे तसे. भाताच्या बांधावरून फिरले आणि परत आले.

"वरचं कोणाचं?"

"जंगलाचं."

शेजारणीने मात्र आपला सगळा उतार चालून दाखवला. मी मनात म्हटलं, गेले हिचे कोंबडे.

पावसाआधी पट्टे आले. तिचा सगळा, माझा भातापुरता. माझ्या उतारावर म्हणे झाडं लावणार.

"आई, घरपण जंगलाचं म्हणायचं होतं," सून म्हणाली. "सुटलो असतो."

चार दिवस गेले. मग ती मला बसमध्ये बसवून तलासरीला घेऊन गेली. कचेरीतल्या कारकुनाने फेरमोजणीचा अर्ज लिहिला. वर आम्ही किती वर्षं पिकवतो, तेही त्यात घातलं. मला वाटलं, हाच सापळा. कबुली घेतील आणि तेवढ्या वर्षांचा दंड लावतील.

"सही करा, आजी. मागे लाईन आहे."

"आधी वाचते."

"सुनेने वाचलाय ना?"

"तिच्या माणसाला अजून कोणी धरून नेलेलं नाही."

चौथीपर्यंत शिकले आहे. बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. ‘अज्ञानामुळे कमी जागा दाखवली’ असं होतं. मी म्हटलं, हद्द मला पक्की माहीत आहे. घाबरून दाखवली, तसं लिहा.

"साहेब विचारतील, कोणाला घाबरलात."

"विचारू दे. सांगेन."

त्याने खोडलं, वर लिहिलं. मी सही केली आणि पोच मागितली. नंतर मिळेल म्हणाला. मी त्याच्या टेबलासमोर फरशीवर बसले. शिक्का पडल्यावर उठले.

फेरमोजणीला अजून कोणी आलेलं नाही. यंदाही वर नागली लावली आहे. आता कोणी विचारलं तर माझी म्हणून सांगणार. पण आधी त्याचं नाव विचारीन.