बेंबीवरचा हिंग

वॉर्डात माझ्या धाकट्या भावाच्या खाटेशेजारी आई उभी होती आणि तिच्या तळहातावर पाण्यात कालवलेला हिंग होता. घरून निघताना तिने डबी पर्समध्ये टाकली, तेव्हाच मी चिडलो होतो. ऑपरेशन झालेल्या माणसाला हिंग?

लहानपणापासून त्याचं पोट दुखलं की ती बेंबीभोवती हिंग लावायची. परवा डॉक्टरांनी कागदावर आतड्याचं चित्र काढलं आणि त्याला चिकटलेली एक छोटी पिशवी दाखवली. म्हणाले, "बाळ पोटात असताना आतडं आणि बेंबी यांच्यामध्ये एक नळी असते. जन्माआधीच ती विरून जाते. यांची थोडी राहिली. तशी काही जणांची राहते आणि काही होतही नाही. तिथे कॅन्सर होणं मात्र फारच दुर्मीळ, आणि यांना नेमका तोच झाला."

आईने एवढंच विचारलं, "म्हणजे माझ्याकडूनच काही राहिलं का?"

"नाही हो आजी," ते म्हणाले, "यात कुणाचंच काही चुकत नाही."

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. कुणाचंच चुकलं नसेल, तर चिडायचं कुणावर? लिफ्टमध्ये एकटा असलो की मी स्वतःचीच बेंबी दाबून पाहतो. जन्मलो म्हणजे घडून झालो, असं आपण धरून चालतो. आत काय विरायचं राहिलंय, कुणाला ठाऊक!

आईने भावाची चादर बाजूला केली. बेंबीवर जाड ड्रेसिंग होतं. हिंगाचं बोट तसंच धरून ती थांबली. मग माझ्याकडे वळली.

"तुझं कधी दुखत नाही ना रे?"