ऐकीव साक्षी

ज्ञानदा पाठक जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये सतराव्या शतकातल्या आयर्लंडवर पीएच.डी. करत होती. नवरा हृषिकेश मोटार कंपनीत इंजिनिअर. तिथली मराठी मंडळी विचारत, "आयर्लंडच का गं?" सुरुवातीला ती समजावून सांगायची, पुढे नुसती हसायची.

१६४१ साली आयर्लंडमधल्या कॅथलिकांनी उठाव केला. इंग्लंडहून येऊन वसलेल्या प्रोटेस्टंट कुटुंबांना त्यांनी हुसकावलं, अंगावरचे कपडेही ओरबाडले. कित्येक जण थंडीने वाटेतच गेले. वाचलेल्यांनी शपथेवर साक्षी दिल्या. त्यांतलं डोळ्यांदेखतचं तेवढं ज्ञानदाने प्रबंधात ठेवलं, ऐकीव ते बाद केलं. तिचे मार्गदर्शक प्राध्यापक खूश होते. तिलाच चैन पडेना. वाचता वाचता उठायची, ओकर नदीकाठी चालत सुटायची आणि अर्ध्यातूनच परतायची.

एकदा जिन्यात खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई, फ्राऊ नोवाक, यांनी तिला अडवलं. "सारखी कुठे पळतेस?"

ज्ञानदाने सगळं सांगितलं. म्हातारीने तिला घरात नेऊन कॉफी दिली.

"पंचेचाळीसच्या जानेवारीत रशियन फौजा आल्या तेव्हा आम्ही सायलेशियातून, म्हणजे आताच्या पोलंडमधून, पायी निघालो. धाकटी बहीण वाटेत गारठून गेली. इथे अधिकाऱ्यांना मी सांगितलं, माझ्यासमोर गेली."

"मग?"

"मी पुढे होते, गाडा ओढत. पाहिलं ते आईने. ती त्यानंतर बोललीच नाही. तिने पाहिलेलं कोण सांगणार?"



दुसऱ्या दिवशी ज्ञानदाने बाद केलेल्या साक्षी पुन्हा काढल्या. आता ती एकच बघत होती, मेलेलं माणूस सांगणाऱ्याचं कोण? सून, शेजारी, भाऊ. ज्यांनी पाहिलं ते बरेचदा उरलेच नव्हते.

"प्रकरण नव्याने लिहावं लागेल," ती प्राध्यापकांना म्हणाली.

"म्हणजे, वर्ष जाईल."

हृषिकेश वैतागला. "अगं, पुण्याची बदली मागितलीय मी!"

"मग तू हो पुढे. मला हे असं सोडून येता येणार नाही."

 दोन दिवसांनी त्याने बदलीचा अर्ज मागे घेतला.

२००८ मध्ये तिला पदवी मिळाली. फ्राऊ नोवाक केक घेऊन वर आल्या. मंडळींनी अभिनंदन केलं, हृषिकेशने पुन्हा बदली मागितली. पण उठावाच्या सूडात प्रोटेस्टंटांनी मारलेल्या कॅथलिकांच्या घरच्यांना फारसं कुणी विचारलंच नव्हतं, हे ज्ञानदाच्या डोक्यातून जाईना. सामान बांधता बांधता तिने त्या लोकांच्या आयरिश भाषेचे धडे सुरू केले.