सामाईक भिंतीतलं दार

अर्ज दुसऱ्यांदा नामंजूर झाल्याची ईमेल आली तेव्हा मी दोन म्हाताऱ्यांच्या मधोमध सोफ्यावर बसले होते. डावीकडून माझ्या ताटलीत अननसाचं टार्ट पडत होतं, उजवीकडून करी पफ. 'नॉट सपोर्टेड' हे दोन शब्द मी मोठ्यांदा वाचून दाखवले. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि माझ्या ताटलीत आणखी एकेक जिन्नस आला.

"खा गं तू," डावीकडच्या म्हणाल्या. "ते नाही म्हणाले म्हणून तू उपाशी राहणार का?"

मी आर्किटेक्ट आहे. मूळची ठाण्याची, पण नोकरीची सगळी वर्षं सिंगापूरमध्ये गेली. आमच्या छोट्याशा फर्ममध्ये मी क्यूपी आहे. क्यूपी म्हणजे क्वालिफाइड पर्सन. कोणाला आपल्या घरात काही बदल करायचा असला की नकाशे प्लॅनिंगवाल्यांकडे जातात ते क्यूपीच्या सहीने. पुढे काही चुकलं तर पहिली मान त्याचीच धरली जाते. नियमात न बसणारं काही हवं असेल तर वेव्हर मागायचा, म्हणजे नियमातून सूट. कोणाला गाडीवरचं छप्पर हातभर पुढे हवं असतं, कोणाला गच्चीवर एक खोली चढवायची असते. या दोघींना एक दार हवं होतं.

डावीकडच्या स्वी लियान आंटी, उजवीकडच्या जमीला माकचिक. माकचिक म्हणजे मलायमध्ये मावशी. ईस्ट कोस्टला समुद्रापासून दोन गल्ल्या आत त्यांची घरं आहेत. आपल्याकडे ज्याला ट्विन बंगला म्हणतात तसली: दोन घरं, मध्ये एकच सामाईक भिंत. भिंतीच्या या बाजूला आंटी, त्या बाजूला माकचिक, आणि असं चाळीसेक वर्षं चाललेलं. दोघींचे नवरे गेले, मुलं आपापल्या संसाराला लागली. आता दोघी एकमेकींच्या संसारात होत्या. मला त्या 'गर्ल' म्हणायच्या. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला गर्ल म्हणणारं माझ्या आयुष्यात दुसरं कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे हे काम मी पहिल्या दिवसापासून जरा जास्तच मनावर घेतलं. आमचं बोलणं सगळं सिंगापुरी इंग्रजीतलं, मी ते इथे मराठीत सांगते आहे.

काही महिन्यांपूर्वी आंटी वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये पडल्या. उठता येईना. हाताला शॅम्पूची बाटली लागली, तिने त्यांनी सामाईक भिंतीवर ठोकायला सुरुवात केली. पलीकडे माकचिकनी ते ऐकलं. त्या जिना उतरून, फाटकाबाहेर पडून, रस्त्याने वळसा घालून आंटींच्या दाराशी आल्या. चावी त्यांच्याकडे होती, पण दाराला आतून कडी. कडी लावल्याशिवाय आंटींना झोप येत नाही. शेवटी दार तोडावं लागलं. आंटींचं नशीब म्हणून मुक्या मारावर भागलं.

त्यांचा मुलगा केल्विन राहतो वुडलँड्सला, बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. मुलगा गुणी आहे. त्याने आईच्या गळ्यात घालायला मदतीचं बटण आणून दिलं. ते खराब होऊ नये म्हणून आंटींनी पूर्वजांच्या फोटोंपुढे नीट ठेवून दिलं. मग मात्र केल्विनने हात टेकले. घर विकायचं आणि आईने आपल्या फ्लॅटवर यायचं, असं त्याने ठरवलं. एजंट घर बघूनही गेला. फार रडारड झाल्यावर केल्विन एवढंच म्हणाला, की माकचिकना आतल्या आत आईपर्यंत पोचता आलं तर मी विचार बदलेन. चायनीज न्यू इयरपर्यंत थांबतो.

म्हणून दार. माझ्या आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "भिंतीत दार पाडायला सरकारला कशाला विचारायचं? गवंडी बोलवायचा."

इथे गवंडीसुद्धा आधी परवानगीचा नंबर विचारतो. सामाईक भिंतीला भोक पाडायचं नाही, हा नियम तसा शहाणपणाचाच आहे. एका घरात आग लागली तर दुसऱ्यात जाऊ नये. शिवाय दोन घरं, दोन मालक. मध्ये दार झालं की ते एक घर की दोन, हा घोळ. तरी कारण खरं होतं, दोन्ही मालकिणी राजी होत्या, म्हणून मला वाटलं वेव्हर मिळेल.

पहिल्या नकाशात मी दार खाली दाखवलं, स्वयंपाकघरातून स्वयंपाकघरात. भिंत तिथे मोकळी होती. आंटींनी बोट ठेवून सांगितलं, "इथे नाही. माझ्याकडे पोर्क शिजतं. तिचं किचन हलाल आहे. माझा वास तिच्या भांड्यांपर्यंत जायला नको."

"माझी काही हरकत नाही," माकचिक म्हणाल्या.

"माझी आहे," आंटी म्हणाल्या.

तसंही पडायला होतं ते वर, बाथरूमपाशी. मग आम्ही दार वरच्या मजल्यावर नेलं, दोन्ही घरांचे जिने जिथे संपतात त्या चौकात. अर्ज गेला आणि परत आला. मी सविस्तर अपील केलं. पडण्याची हकीकत, डॉक्टरांचं पत्र, दोघींची वयं, शेजारधर्मावर एक परिच्छेद. अपील लिहिताना मी स्वतःवर बेहद्द खूश होते. तेच त्या दिवशी करी पफच्या साक्षीने परत आलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये माझे बॉस मिस्टर गोह यांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला.

"दार वर का?"

मी पोर्कपासून बाथरूमपर्यंत सगळं सांगितलं.

"ते तुला माहीत. त्यांना काय दिसतंय? दोन घरं, खाली सगळं वेगळं, वर जोडलेलं. वर किती बेडरूम?"

"दोन्हीकडच्या मिळून सहा."

"भाड्याच्या खोल्या, दुसरं काय," मिस्टर गोह म्हणाले आणि चहा प्यायला निघून गेले.

मी कपाळावर हात मारला. घरं जोडायची, वरच्या खोल्यांचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यात चार माणसं कोंबायची, हा उद्योग काही लोक करतात. त्यांचं पहिलं पाऊल असंच दिसतं. माझ्या अपिलात दोन म्हाताऱ्यांचं प्रेम ओसंडून वाहत होतं, पण त्या खोल्यांमध्ये कोण राहणार याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी ताबडतोब प्लॅनिंगवाल्यांना फोन करून म्हटलं, कागद राहू देत, एकदा येऊन घर बघा. अशी भेट सहसा मिळत नाही. आम्हाला मिळाली.

आल्या त्या मिस ओंग. तिशीच्या आतबाहेरच्या, हातात टॅबलेट, खांद्याला पाण्याची स्वतःची बाटली. अर्जदाराकडचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही असा त्यांचा शिरस्ता होता. आंटींनी टार्ट पुढे केलं. मिस ओंग हसून नको म्हणाल्या. आंटींनी ताटली आणखी पुढे सरकवली. मिस ओंग आणखी हसून मागे सरकल्या. असं करत दोघी जिन्यापर्यंत पोचल्या, मग आम्ही वर गेलो.

माकचिक तेव्हा आपल्या घरी स्वयंपाकघरात होत्या. मिस ओंग आंटींकडचं बघून झाल्यावर त्यांच्याकडे जाणार होत्या, आणि तिथे तरी पाहुणी काहीतरी खाईल या आशेने माकचिकनी तळण मांडलं होतं.

मिस ओंगनी वरच्या खोल्या पाहिल्या. मग सरळ विचारलं, "आंटी, दार झाल्यावर या खोल्या भाड्याने देणार का?"

मी मनात म्हणत होते, नुसतं नाही म्हणा.

आंटींनी विचार केला. "किती मिळेल?"

मी डोळे मिटून घेतले.

"कुतूहल म्हणून विचारलं," आंटी म्हणाल्या. "बरोबर आहे तुझं. विचारलंच पाहिजेस. पण भाडेकरू ठेवला तर तो माझं बाथरूम वापरणार. मला नाही चालायचं."

मिस ओंगनी टॅबलेटवर काहीतरी टिपलं. मग म्हणाल्या, "पडलात तेव्हा काय केलंत नेमकं?"

आंटी बाथरूममध्ये गेल्या, शॅम्पूची बाटली उचलली आणि भिंतीवर दणादण ठोकून दाखवलं.

हे नाटक आहे, असं माकचिकना कोणी सांगितलेलं नव्हतं.

पलीकडून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग आंटींच्या नावाने हाक. मग काहीच नाही. आम्ही तिघी त्या चौकात उभ्या राहिलो. पलीकडचं फाटक करकरलं. रस्त्यावरून चपलांचा आवाज येऊ लागला, एक पाय जोरात, एक हळू, कारण माकचिकचा गुडघा दुखरा. आंटींनी खिडकीतून ओरडून सांगितलं की मी ठीक आहे, पण माकचिकना धावताना ऐकू येत नाही. खालचं दार त्या दिवशी आमच्यासाठी उघडंच होतं. तरीही त्या जिना चढून वर येईपर्यंत इतका वेळ गेला, की मिस ओंगनी टिपणं सोडून टॅबलेट खाली केला होता.

माकचिक वर आल्या. हातात झारा, डोक्यावरचा रुमाल मागे सरकलेला, चेहरा पांढराफटक. समोर आंटी शॅम्पूची बाटली घेऊन उभ्या.

"मी हिला दाखवत होते," आंटी म्हणाल्या.

माकचिक मलायमध्ये जे बोलल्या ते मला समजलं नाही. मिस ओंगना समजलं असावं, त्या छताकडे बघू लागल्या. मग माकचिक एकदम थांबल्या. "माझा गॅस!"

कढईत तेल तापत होतं. माकचिकना त्या गुडघ्याने तो जिना पुन्हा लगेच उतरता येणार नव्हता. मी जिन्यापासून लांब होते. मिस ओंग सगळ्यांत जवळ होत्या. त्या गेल्या. जिन्यावरून धडाधड खाली, बूट न घालताच अंगणात, फाटकाबाहेर, उन्हाने तापलेल्या रस्त्यावरून वळसा, दुसरं फाटक, दुसरं घर. आम्ही तिघी खिडकीतून बघत होतो. गॅस बंद करून त्या परत आल्या तेव्हा धापा टाकत होत्या आणि मोजे काळे झाले होते.

"वेळेवर पोचले," त्या म्हणाल्या. मग स्वतःच्या बाटलीतलं सगळं पाणी पिऊन त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "खूपच लांब आहे."

त्यानंतर त्या माझ्याशी दहा मिनिटं फक्त कामाचं बोलल्या. दार अग्निरोधक असेल का? ते आपोआप बंद होईल का? दोन्ही घरांत भाडेकरू ठेवणार नाही असं मालकिणी लिहून देतील का? मी प्रत्येकाला हो म्हटलं. माकचिक आंटींशी दोन दिवस बोलल्या नाहीत. डबा मात्र दोन्ही दिवस पाठवला.

परवानगी आली, ती तात्पुरती. अटी वाचून दाखवायला मी पुन्हा त्याच सोफ्यावर, दोघींच्या मधोमध बसले. शेवटच्या अटीपाशी माझी जीभ अडखळली. दोघींपैकी कोणीही एक आपल्या घरात राहीनाशी झाली, की दार काढून भिंत पूर्ववत बांधायची. भिंत बांधण्याचा नकाशाही आत्ताच जोडायचा. तो मी आदल्या दिवशी काढला होता. साध्या विटांचा नकाशा, पण काढताना फार जड गेलं.

मी कागद खाली ठेवला.

"म्हणजे," आंटी म्हणाल्या, "माझ्या परवानगीशिवाय हिला आता मरता येणार नाही."

"मी कशाला मरते?" माकचिक म्हणाल्या. "पडतेस तू."

आणि दोघी अशा हसत सुटल्या की मला मधून उठावं लागलं. मलाही हसू आलं. एवढी स्पष्ट अट घातली तरी ज्यांचं काही बिघडत नाही, अशी माणसं मी या धंद्यात दुसरी पाहिली नाहीत.

दार न्यू इयरच्या आधी बसलं. केल्विन रविवारी आला, या घरातून त्या घरात तीनदा गेला, तीनदा परत आला. मग माकचिकच्या टेबलाशी बसून पोटभर जेवला आणि तिथूनच त्याने एजंटला फोन करून घर विकायचं नाही म्हणून सांगितलं.

मी तेव्हापासून अपिलं वेगळी लिहिते. आपल्याला काय हवंय ते अर्जात सगळेच लिहितात. समोरच्याला कशाची धास्ती आहे ते ओळखून त्याचं उत्तर आधी लिहावं. निम्मा पत्रव्यवहार वाचतो. शेजारधर्मावरचा परिच्छेद गाळला तरी चालतो.

गेल्या आठवड्यात आंटींचा फोन आला. दार फार जोरात बंद होतं, हातात ताट असलं की पाठीत बसतं. जरा हळू करता येईल का?

"येईल की. वरचा स्क्रू फिरवायचा. मी माणूस पाठवते."

"त्याला परवानगी लागेल?"

"नाही."

"मग मिस ओंग बघायला येणार नाही?"

"नाही, आंटी. आणि आली तरी ती तुमच्याकडचं काही खाणार नाही."

"खात नाही," आंटी म्हणाल्या. "पण धावते छान."