शिंगांचा रंग आणि मोटार

आमच्या सोनपेठजवळच्या शेतात, कडब्याच्या शेडमध्ये, उघड्या टपाची एक मोटार उभी होती. जहागीरदार कायमचे हैदराबादला निघाले तेव्हा त्यांनी ती आपल्या ड्रायव्हरला, म्हणजे माझ्या आजोबांना, देऊन टाकली. आजोबा गेल्यावर ती चाललीच नाही. घडीचा कापडी टप उंदरांनी फस्त केला, टायर मातीत रुतले. उरलेल्या मोटारीची वाट माझ्या वडिलांनी, आप्पांनी, लावली, असं मी चारचौघांत म्हणत असे.

त्याला कारण पोळा. बैलांची शिंगं रंगवून झाली की डब्यात उरलेला रंग वडील मोटारीला फासत. एका वर्षी हिरवी, पुढच्या वर्षी लाल, एकदा तर सोनेरी. "तीबी घरचंच जनावर हाय," म्हणायचे. मी परभणीला शाळेत चित्रकला शिकवते. सुट्टीत घरी गेले की मी शेडकडे बघायचंच टाळायचे.

यंदा भावाला तिथे ट्रॅक्टर लावायचा होता. त्यानं भंगारवाला बोलावला. भंगारवाल्यानं बॉनेटवर बुक्की मारून पाहिली आणि म्हणाला, "कापून न्यावी लागंल." त्या दिवशी वडिलांनी ताट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशीही सारलं. ऐंशीच्या घरातला माणूस भिंतीकडे तोंड करून बसलेला मला बघवेना. मी मोटारीचे फोटो काढून इंटरनेटवर टाकले.

आठवड्याभरात पुण्याहून एक गृहस्थ आले. मोडक्या जुन्या मोटारी विकत घेऊन पुन्हा चालत्या करणं हाच त्यांचा उद्योग. भावानं मला आधीच बजावलं होतं, "ह्यांनी नको म्हणलं की उद्या भंगारवाला. मग आप्पाला तूच समजाव."

गृहस्थांनी मोटारीभोवती दोन चकरा मारल्या. अशी मोटार आपण फक्त चित्रात पाहिली होती, असं म्हणाले. मग विचारलं, "हा रंग कुणी दिला?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. वडील मात्र ताठ उभे होते. "म्याच देलाय. दर पोळ्याला."

"खालचा पत्रा सडला असेल तर मला नेता येणार नाही, काका."

वडिलांनी शेडचा खांब धरला.

गृहस्थ गुडघ्यावर बसले आणि दारावरचा हातभर तुकडा ब्लेडनं खरवडू लागले. हिरव्याखाली लाल निघाला, लालखाली पिवळा. वडील हळूहळू जवळ सरकले. "ह्यो लाल, कंधारी बैलजोडीचा," ते म्हणाले. "आन् ह्यो पिवळा, पांढरा बैल आणला त्या सालचा. लय मारका होता." प्रत्येक थराला त्यांना बैल आठवत होता. गृहस्थ ब्लेड थांबवून ऐकत, मग पुढे खरवडत. मी रंग शिकवणारी बाई, पण इतके रंग एकावर एक मी कधी पाहिले नव्हते.

शेवटी निळा आला. जवसाच्या फुलाचा असतो तसा फिका, कोवळा निळा. त्यावर गंजाचा ठिपकासुद्धा नव्हता. मी जन्मापासून ती मोटार बघत होते आणि तिचा खरा रंग मला आज दिसत होता. इतकी वर्षं ज्या रंगाला मी हसत होते, त्यानंच ती जपली होती.

"काका, तुमच्या रंगानं पत्रा वाचवला," गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी वडिलांना चक्क हात जोडले. "ही पुन्हा चालेल."

"कापणार न्हाई ना?"

"नाही."

वडिलांनी त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या.

पुढच्या सोमवारी ट्रक आला. मोटार चढवण्याआधी गृहस्थांनी जोर लावून तिचं दार उघडलं. "काका, निघण्याआधी एकदा बसा की आत."

वडिलांनी चपला काढल्या. एक पाय आत ठेवला, दारावरच्या निळ्या तुकड्यावर हाताचा तळवा टेकवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग पाय मागे घेतला.

"नको. बसलो तर उतरायचा न्हाई मी. न्या तुमी."